नकाशात नसलेलं घर

६ नोव्हेंबर

आज छापखान्यात मालकांच्या दिशेने शाईची दौत फेकली. लागली नाही. भिंतीवर फुटली आणि त्यांच्या शर्टावर शिंतोडे उडाले, एवढंच. धाकट्या बहिणीच्या हातात असती तर मालकांचं कपाळ नक्की फुटलं असतं. लहानपणी ती पायरीवर बसून दगड मारायची आणि झाडावरचं नेमकं पिकलेलंच फळ पाडायची. मी खाली फ्रॉक पसरून उभी असायचे. नेम तिच्या वाट्याला आला, राग माझ्या.

भांडणाचं कारण कार्बन. त्याचं खरं नाव लिहून मला माझी वही विटाळायची नाही. दुसऱ्या छापखान्यात नकाशे काढतो. गेल्या वर्षीच्या नकाशा-स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि तो नकाशा माझा होता. माझ्या शहराच्या नकाशावर पातळ कागद ठेवून त्याने सरळ गिरवला. तलावाच्या कडेला माझा हात जिथे थरथरला होता तिथे त्याचाही थरथरला! मी तक्रार केली तर परीक्षक म्हणाले, बाई, शहर एकच आहे, दोन नकाशे सारखे दिसणारच. आज मालकांनी त्याच नकाशाची दिनदर्शिका आमच्या खोलीत टांगली आणि वर म्हणाले, "रेषा बघा त्याची. शिका काहीतरी." मग दौत गेली.

नोकरी शाबूत आहे. माझ्याइतकी बारीक अक्षरं काढणारं त्यांच्याकडे दुसरं कोणी नाही. घरी निघताना त्यांनीच यंदाच्या स्पर्धेचं पत्रक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. या वेळी विद्यार्थी आणि धंद्यातली माणसं एकाच भिंतीवर. विषय, शहरातली एक वस्ती. मी उतरणार. आणि कार्बनने पुन्हा हात लावला तर तो हात पोळल्याशिवाय राहणार नाही, अशी व्यवस्था करणार.

१० नोव्हेंबर

वस्ती ठरली. नदीकाठची खालची वस्ती, धाकटी राहते ती. आजवरच्या प्रत्येक नकाशात तिथे नुसता करडा पट्टा असतो, कारण मोजायला कोणी खाली उतरतच नाही. निम्मी माणसं इथली, निम्मी पलीकडची, म्हणजे नदीच्या पलीकडून एका पिढीमागे आलेली. धाकटीने त्यांच्यातल्याच एका सुताराशी लग्न केलं तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं. मी त्याला रंधा म्हणते. बोलतो कमी, पण बोलला की समोरच्याचे कोपरे तासूनच सोडतो. माणूस मात्र सोन्यासारखा.

येताना बाजारात हमालांची मारामारी बघितली. वजनकाट्यावरून सुरू झाली. पोती ओढायच्या आकड्याने एका पलीकडच्या हमालाचा कान फाडला. तो कान जागेवर दाबून धरून तसाच उभा होता आणि रक्त मानेवरून शर्टात उतरत होतं. बघणारे म्हणाले, "यांचं हे नेहमीचंच." कोणाचं, ते कोणी बोललं नाही. मला टेप विकत घ्यायची होती, दुकानदाराने तेवढ्यात शटर ओढलं. एक दिवस वाया गेला.

२१ नोव्हेंबर

पायांचे तुकडे पडलेत. रोज धाकटी पुढे, मी मागे टेपचं टोक धरून. एकटी गेले असते तर पहिल्याच दारात अंगावर कुत्रं आलं असतं. ती दार वाजवते, आत डोकं घालते आणि म्हणते, "मावशी, ही माझी ताई. नकाशा काढतेय. तुमचं घर येणार बघा त्यात!" झालं. दार उघडतं, चहा येतो, पोरं टेपवरून उड्या मारतात. मग मी विचारते, तुम्ही इथले की पलीकडचे? माणसं जरा थबकतात, धाकटीकडे बघतात. ती हसून मान हलवते, मग सांगतात.

इथल्यांचं घर पिवळं, पलीकडच्यांचं निळं. धाकटीच्या शेजारी तेलाचं दुकान आहे. तिथली तेलवाली म्हणजे वस्तीचा भोंगा. कच्चा कागद बघून म्हणाली, "निळा गडद लाव गं! फिका नको. आम्ही काय आजारी आहोत?" समोरचा शिंपीही निळा. त्याने माझी टेप हातात घेऊन बघितली, स्वतःच्या गळ्यातली दाखवली आणि म्हणाला, "तुम्ही घरं मापता, मी माणसं मापतो. माणसं वर्षाला बदलतात, तुमचं बरं आहे." त्याच्या वरच्या मजल्यावर आंधळे मास्तर. त्यांनी नकाशावरून बोटं फिरवली आणि कागद छान आहे म्हणाले.

सगळे रंग भरून झाल्यावर माझी मीच खूश झाले. दोन निळ्यांमध्ये पिवळं, दोन पिवळ्यांमध्ये निळं. ही माणसं एकत्र नांदत नाहीत असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारावा असा नकाशा होणार आहे.

४ डिसेंबर

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. नकाशात एक खोटी गल्ली घालून ठेवायची. लहानशी, कोणाचं काही बिघडणार नाही अशी. राहणाऱ्याला नकाशा लागत नाही आणि परक्याचं त्या गल्लीत काम नसतं. पण कोणी नकाशा चोरला की त्याच्या कागदावरही तीच गल्ली उगवते आणि चोर आपसूक पकडला जातो. याला आम्ही सापळा म्हणतो.

माझा सापळा तेलाच्या दुकानापासून नदीच्या पायऱ्यांपर्यंत जातो. गल्लीला जागा करायला एक घर उडवावं लागलं. दुसऱ्या कोणाचं उडवलं असतं तर तो भांडायला आला असता, म्हणून धाकटीचं उडवलं. घरच्या माणसाची परवानगी कशाला हवी? पात्याने तिचा उंबरा खरवडला, दोन रेघा ओढल्या, गल्ली तयार. ये म्हणावं आता कार्बनला.

काल छापखान्याजवळच्या पाण्याच्या नळावर दोघा भावांना भोसकलं. एक तिथेच गेला. त्याचा डबा भरून वाहत राहिला आणि पाणी लाल होऊन आमच्या दारावरून गेलं. छापखान्यात दिवसभर तीच चर्चा, मारणारा कोण, मेला तो कोण. मी दार लावून घेतलं. बारीक अक्षरं काढताना मला आवाज चालत नाही.

१२ डिसेंबर

धाकटी आणि रंधा नकाशा बघायला छापखान्यात आले. धाकटी बोट ठेवत ठेवत घरं ओळखत चालली. हा शिंपी, हे मास्तर, ही तेलवाली. मग बोट अडकलं.

"ताई, आमचं घर कुठंय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

सापळ्याचं समजावून सांगितलं. तिचा चेहरा उतरतच गेला. "सगळ्या वस्तीला सांगत फिरले, तुमचं घर येणार, तुमचं घर येणार. आणि माझंच नाही? तुला दुसरं कोणी सापडलं नाही?"

रंधा म्हणाला, "असू दे गं. ताईंनी रस्ता काढून दिलाय. आता लोक आपल्या चुलीवरून नदीवर जातील."

मला हसू आलं, तिला नाही. निघताना तिने माझ्याच टेबलावरचं खोडरबर उचललं आणि दारातून फेकलं. मधल्या कामगारांना, दिव्याला, मालकांच्या टकलाला चुकवून थेट माझ्या भुवईवर. टेंगूळ आलंय. राग आला, पण मनात म्हटलं, नेम अजून तस्साच आहे बयेचा.

२२ डिसेंबर

नकाशा भिंतीवर लागला. माझ्या शेजारी एका विद्यार्थिनीचा आहे. उंच, काटकुळी, मी तिचं नाव पेन्सिल ठेवलंय. तिच्या नकाशात वस्तीतल्या बसायच्या जागा आहेत. सावली कुठे, कट्टा कुठे, दमलेल्या माणसाला कोण बसू देतं. रेघा वाकड्या. माझ्या नकाशासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, शिकतेय.

"हे निळं का दाखवलंत?" तिने विचारलं.

"कारण ते निळे आहेत."

"त्यांना विचारलंत?"

"दारोदार फिरून विचारलं."

"कुठले आहात ते विचारलंत. सगळ्यांनी बघावं असं भिंतीवर लावू का, ते विचारलंत का?"

मी म्हटलं, "बाळ, आधी रेघ सरळ काढायला शीक." आजूबाजूचे हसले. तिचे कान लाल झाले. जरा जास्तच बोलले बहुतेक, पण या मुलांना आल्या आल्या परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं असतं.

२९ डिसेंबर

शेवटी कदर करणारा माणूस भेटला! बक्षीस देणाऱ्या मंडळाचे गृहस्थ, पायात पांढरे बूट, अतिशय गोड बोलणं. त्यांची चौकात भाषणं होतात म्हणे, मी ऐकलेली नाहीत, कामाच्या वेळेत असतात. माझ्या नकाशासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "बाई, एवढी वर्षं आम्ही या वस्तीत चाचपडत होतो. तुम्ही आम्हाला डोळे दिलेत."

त्यांना मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी घडीची प्रत हवी आहे, खिशात मावेल अशी. फक्त निळा जरा ठळक आणि दारं कुठल्या बाजूला उघडतात तेवढं दाखवायचं. मालकांनी लगेच होकार दिला. मी म्हटलं, दारांच्या खुणा माझ्याकडे आहेत, मी स्वतः करून देते.

आज पुलाखाली एक प्रेत अडकलेलं मिळालं. हात मागे बांधलेले. गर्दीमुळे मला लांबून घरी यावं लागलं.

८ जानेवारी

घडीची प्रत झाली. हातात धरली की सोडवत नाही इतकी देखणी. सगळी अक्षरं मी पुन्हा काढली, निळी दारं एकेक करून भरली. धाकटीच्या जागी आले तेव्हा हात थांबला. तिचं तोंड अजून फुगलेलंच आहे. वाटलं, या छोट्या प्रतीत तरी तिचं घर घालून टाकावं, निळं, ठळक, दारासकट, आणि जाऊन दाखवावं. बोरू शाईत बुडवलासुद्धा. पण मग सापळा मोडला असता. कार्बन ही प्रतसुद्धा चोरू शकतो. नाही घातलं. तिची समजूत नंतर काढीन.

१९ जानेवारी

आज अक्षर लागलं नाही तर नाही लागलं.

दुपारी छापखान्याच्या गच्चीवरून धूर दिसला. एक नाही, ठिकठिकाणी. मी धावत सुटले. वस्तीत उतरायच्या जिन्यावर माणसं वर येत होती, हातात पहारी, घाम पुसत, काम आटोपून निघाल्यासारखी. एक जण नळावर कोपरापर्यंत हात धूत होता. मला म्हणाला, "बाई, खाली जाऊ नका, पाय भरतील."

शिंपी दारात पडला होता. त्याचीच टेप त्याच्या गळ्याभोवती आवळलेली, जीभ बाहेर. मास्तरांच्या खोलीला बाहेरून कडी घालून आग लावली. कडी मी काढली. उशीर झाला होता. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या नखांच्या रेघा होत्या. तेलाच्या दुकानात त्यांचंच तेल ओतून पेटवलं. तेलवालीचा नवरा आणि मोठा मुलगा आत. ती रस्त्यावर लोळत होती, केस जळलेले, अंगावर कातडी कुठे आहे आणि कपडा कुठे, कळत नव्हतं.

मी डोळे मिटून धाकटीच्या घराकडे वळले. घर उभं होतं. काचसुद्धा फुटलेली नाही. खिडकीतला पडदा वाऱ्याने हलत होता. धाकटी पायरीवर, कोपरापर्यंत रक्त, पण तिचं नाही. कोणाकोणाला ओढून आत आणत होती. रंधा दुकानाच्या आगीवर वाळू टाकत होता. मी तिला मिठी मारली आणि मोठ्याने रडले. पिवळ्यांची घरं आणि हिचं घर, बाकी काही शिल्लक नाही. नशीब म्हणतात ते हेच.

२१ जानेवारी

धाकटीबरोबर इस्पितळात गेले. तेलवालीला पट्ट्यांत गुंडाळलंय, एक डोळा आणि तोंड उघडं. आम्हाला बघताच ती किंचाळली. माझ्यावर नाही, धाकटीवर.

"तुझ्या दारापुढे उभे होते ते! हातात कागद घेऊन. 'गल्ली कुठंय, गल्ली कुठंय' म्हणून ओरडत होते. माझ्या जन्मात तिथे गल्ली नाही. कागदाकडे बघितलं, तुझ्या दाराकडे बघितलं आणि पुढे आले. माझ्याकडे आले! तुझ्या दाराला हात लावला नाही. का गं? काय दिलंस त्यांना? बहिणीला दारोदार घेऊन हिंडलीस ती कशाला?"

माझ्या मनात पहिला विचार आला तो इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी तो आल्याचंच नाकारीन. सापळा लागला, असं मला वाटलं. क्षणभर आनंद झाला.

धाकटीने तेलवालीच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि निघाली.

हे कार्बनचं काम. त्यानेच चोरून त्या लोकांना दिला. दुसरं कोण असणार?

२२ जानेवारी

पेन्सिल घरी आली. पत्ता छापखान्यातून घेतला म्हणे. बसली नाही. खिशातून घडीचा कागद काढून माझ्या टेबलावर उलगडला. जळक्या गल्लीत सापडलेला. बोटांचे तांबडे ठसे. निळ्या दारांवर फुल्या, काम झालं की एक फुली. ठळक निळा. बारीक अक्षरं.

कार्बनला अशी अक्षरं सात जन्मांत काढता येणार नाहीत.

पेन्सिल म्हणाली, "मी भिंतीवरून माझा नकाशा काढून घेतलाय. दमलेल्या माणसाला कोण आत घेतं, ते पण त्यांना नको कळायला." मी तिला पाणी विचारलं. ती नको म्हणाली. ती गेल्यावर आरशावर फुलदाणी फेकली. नेम बरोबर लागला.

२३ जानेवारी, सकाळ

दोन बातम्या आहेत. पहिलं बक्षीस मला. आज संध्याकाळी समारंभ, पांढरे बूट स्वतः देणार.

दुसरी धाकटी घेऊन आली. काल वस्तीतल्याच लोकांनी, उरलेल्या पलीकडच्यांनी, रंध्याला लाकडाच्या वखारीत नेऊन बांधलंय. एक डोळा फोडला. स्वतःच्या माणसांना विकलंस म्हणतात. शिंप्याचा भाऊ आहे, तेलवालीचे दीर आहेत. संध्याकाळी ठरवणार त्याचं काय करायचं. ठरवणार म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या कपाळावर दगडाची खोक होती.

तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, "तो नकाशा आहे का तुझ्याकडे?" मी हो म्हटलं. ती थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "नको. राहू दे. तू काही दिवस खाली येऊ नकोस, ताई. कोणी विचारलं तर नकाशे सोडलेत म्हणून सांग." आणि गेली.

तिचं घर नकाशात नाही आणि का नाही, हे तिला बारा डिसेंबरपासून ठाऊक आहे. ते एक वाक्य बोलली असती तर नवरा सुटला असता. एवढ्या गडबडीत तिच्या लक्षातच आलं नसेल.

म्हणजे मलाच बोललं पाहिजे. बोलले तर ते मला सोडणार नाहीत. न बोलले तर टाळ्या आहेत, ढाल आहे, आणि रंधा नाही.

दुपार

ठेवणीतले कपडे घातले. काढले. पुन्हा घातले. समारंभाला जाऊन तिथेच सगळ्यांसमोर सांगावं का? पण ते तर टाळ्या वाजवतील! मी भित्री आहे. लहानपणी शेजारच्यांची काच धाकटीने फोडली की मी मागच्या दाराने पळायचे, आणि मी फोडली की तीच पुढे व्हायची.

पेन्सिल दारात आहे. वखारीचं तिला वस्तीत कळलं. म्हणते, मी येते सोबत, वखारीच्या फाटकापर्यंत. निघते.

४ फेब्रुवारी

आज लिहिता येतंय. जे झालं ते झालं तसं लिहिते.

वखारीत लाकडाच्या ओंडक्यांमध्ये रंध्याला खुर्चीला बांधलं होतं. डोळ्याच्या जागी भोक, हनुवटीवर सुकलेलं रक्त. मला बघून तो म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला आलात," आणि शिंप्याच्या भावाने त्याच्या तोंडावर दांडका मारला. दात पडल्याचा आवाज आला. वीसेक माणसं असतील. सगळ्यांच्या हातात काहीतरी. धाकटी जमिनीवर बसून होती, दोघांनी तिला दाबून धरलं होतं.

मी फळ्यांच्या थप्पीवर मोठ्या नकाशाची घरी ठेवलेली प्रत पसरली. मग ओरडले. "बघा! याचं घर कुठे आहे यात? नाहीये. मी खोडलं. खोटी गल्ली घातली तिथे, माझा नकाशा कोणी चोरू नये म्हणून. ते लोक माझ्या नकाशावरून आले. निळी दारं बघून आले. याचं दार निळं नव्हतं म्हणून पुढे गेले. यांनी कोणाला काही दिलेलं नाही. मी दिलं. दारं कुठे उघडतात तेसुद्धा मीच दाखवलं."

तेलवालीचा मोठा दीर पुढे आला. नकाशावर स्वतःचं घर शोधलं, मग भावाचं, मग बोट सरकवत धाकटीच्या जागी नेलं. तिथे गल्ली होती. त्याने शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्याने मान हलवली. कोणीतरी रंध्याच्या दोऱ्या सोडायला लागलं. मला बरं वाटलं. एवढंच मनात आलं, सुटला.

मग सगळे, धाकटीला धरून बसलेलेसुद्धा, माझ्याकडे वळले. शिंप्याच्या भावाने ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड उपटली. कोणी केस धरले, कोणी पाठीत लाथ घातली, मी गुडघ्यांवर आले. आणि तेवढ्यात धाकटी किंचाळली, "थांबा! माझी बहीण आहे. पहिला हात माझा!"

गर्दी बाजूला झाली. तिने रंध्याच्या पेटीतला हातोडा घेतला होता. असा चेहरा मी तिचा कधी बघितलेला नाही. माझा उजवा हात मनगटाला धरून तिने फळ्यांवर आपटला, थेट नकाशावर. बोटं एकेक करून पसरवली. मी म्हटलं, "धाकटे, नको गं." ती माझ्याकडे बघतच नव्हती, हाताकडे बघत होती. मग हातोडा आला. दोनदा. हाड फुटल्याचा आवाज आपल्याच अंगातून येतो तेव्हा तो कानांनी ऐकू येत नाही. निळ्या घरांवर रक्त पसरलं.

ती वळून ओरडली, "झालं! ज्या हाताने काढला तो मोडला. आता ही आयुष्यात रेघ ओढणार नाही. अजून काय हवंय तुम्हाला? अजून एक मढं? पुरली तेवढी पुरे नाहीत?" कोणी बोललं नाही. कुऱ्हाड खाली गेली. धाकटीने आपला रुमाल फाडून माझ्या मनगटाला इतका घट्ट आवळला की मी पुन्हा किंचाळले, आणि मला ढकलत, लाथा घालत फाटकाबाहेर काढलं. "परत दिसलीस तर मीच मारीन," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. पेन्सिलने मला उचललं.

वीस माणसांत मला हत्याराने मारलं ते एकट्या माझ्या बहिणीने.

रंधा त्याच दिवशी घरी गेला. एका डोळ्याने काम करतो म्हणे, पेन्सिल सांगते. त्यांच्या घरात आता जळालेल्या घरांतली माणसं राहतात, तेलवालीसुद्धा इस्पितळातून तिथेच आली. धाकटी मला बघायला आलेली नाही. पेन्सिलजवळ विचारते मात्र म्हणे, बोटं हलतात का. बक्षिसाची ढाल मंडळाने छापखान्यात पाठवली होती. मी मालकांना ती भट्टीत टाकायला सांगितली. त्यांनी कपाटावर ठेवली आहे. सरकारी चौकशीला मी ठळक प्रत आणि पांढऱ्या बुटांचं नाव लिहून दिलं आहे, पुढे काय होतं बघायचं.

आज डॉक्टरांनी पट्टी काढली. करंगळी गेली, तिच्या शेजारचं बोट कायमचं वाकडं राहील. अंगठा आणि पुढची दोन बोटं मात्र खरचटलीसुद्धा नाहीत. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या जवळून मारून नेमकी ही तीन कशी वाचली? मारणाऱ्याचा नेम फारच वाईट दिसतो."

मी म्हटलं, रागात होती.

घरी येऊन पेन धरून बघितलं. धरता येतं. या तीन बोटांवरच सगळं काम चालतं, बाकीची दोन नुसती कागदावर टेकायला. ही पानं त्याच हाताने लिहिली आहेत. माझ्या आठवणीत धाकटीचा नेम हा पहिल्यांदाच चुकला.